सातवी पिन

"तुझी गिटार दिसते, जुडी. ऐकू येत नाही."

बस्त्याव अंकल हे हसतच म्हणाले, पण त्याआधी त्यांनी हात वर करून चालू गाणं थांबवलं होतं, त्यामुळे त्या हसण्यावर जाण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या वाडीतल्या केळी पिकवायच्या खोलीत आमचा सराव चालायचा. एका भिंतीला घड टांगलेले, दुसऱ्या भिंतीला स्पीकर. ड्रमरनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि तो घडांकडे बघत बसला.

मी अँपचं बटण आणखी वर नेलं. आवाज वाढला आणि त्याच्यासोबत घरघरही वाढली.

"तसं नाही गं," अंकल म्हणाले. "आता हा नवा कीबोर्ड, हे पॅड. सगळ्यांचे आवाज कसे धष्टपुष्ट. त्यात तुझ्या डॅडींची ही गिटार म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवास करणारा माणूस."

अंकल आमच्या बँडचे मालक आणि कीबोर्डही तेच वाजवायचे. वसईच्या आमच्या पट्ट्यात त्यांच्याशिवाय रिसेप्शन होत नसे. माझे डॅडी त्यांच्या डाव्या हाताला बावीस वर्षं उभे राहिले. डॅडी गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात फिजिक्स शिकत होते. चर्चमधल्या चाळीसाव्या दिवसाच्या मिस्सानंतर अंकल घरी आले आणि गिटार माझ्या हातात देऊन म्हणाले, रविवारी ये. तेव्हापासून त्या डाव्या कोपऱ्यात मी. मग लग्न झालं, दिवस राहिले, नेरिसा झाली, आणि बाळंतपणाआधीचे-नंतरचे मिळून मी दहा महिने घरी बसले. तेवढ्यात नायगावचा क्लाईव्ह त्याची नवी कोरी गिटार घेऊन माझ्या जागी उभा राहिला. तो मात्र सगळ्यांना ऐकू यायचा.

उपवासकाळात आमच्याकडे लग्नं नसतात. ईस्टर झाला की एकदम झुंबड. अंकलनी मला स्पष्ट सांगितलं की ईस्टरनंतरच्या शनिवारी गासला रिसेप्शन आहे, तेवढं मी वाजवावं. जमलं तर मेअखेरपर्यंतच्या सगळ्या तारखा माझ्या. नाही जमलं तर क्लाईव्ह आहेच. "आणि मग तू लेकीकडं बघ निवांत. त्यात काय कमीपणा आहे?"

कमीपणा नव्हता. लेकीकडे तर मी इतकी बघत होते की माझ्या सासूबाईंना, मम्मींना, त्याचाच त्रास व्हायचा.

नेरिसा पाच महिन्यांची होती. हाताला लागेल ते तोंडात घालायची. तिच्या लंगोटांना सात सेफ्टी पिना होत्या आणि रोज संध्याकाळी त्या मी साबणाच्या रिकाम्या डबीत मोजून टाकायचे. नेमकी तीच मम्मींच्या रोझरीची वेळ. त्या एका कोपऱ्यात माळेचे मणी सरकवत असायच्या, मी दुसऱ्या कोपऱ्यात पिना. "आमच्या घरात दोन जपमाळा चालतात," असं त्या शेजारणींना सांगायच्या. मी ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचे.

गिटारवर उपाय शोधला तो ऑल्विननं, माझ्या नवऱ्यानं. त्याचं पापडीला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या पंपांत आणि पंख्यांत नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे त्याचं रोजचं काम. रात्री जेवताना मी अंकलचं बोलणं सांगितलं तेव्हा त्यानं ताट बाजूला सारून गिटार मांडीवर घेतली आणि स्क्रू काढून आत डोकावला.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली काळ्या पट्ट्या असतात. त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची पोलादी तार हलली की खालच्या गुंडाळ्यात वीज उमटते, आणि तीच वीज अँपमध्ये जाऊन आवाज होते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. ऑल्विननं ते न शिकता ओळखलं.

"वेढे कमी आहेत गं याच्यात," तो म्हणाला. त्यानं मीटर लावलं. "हे बघ, सहा हजार ओहमसुद्धा भरत नाही. बाळाची टोपडी शिवायला पुरेल एवढाच दोरा."

ईस्टरच्या सोमवारी तो मुंबईहून तीन नवे पिकअप घेऊन आला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'हाय आउटपुट' लिहिलेलं. मीटरवर तेरा हजार. चुंबकही जाड. त्यानं जुने काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवले, नवे डाग देऊन बसवले आणि मला म्हणाला, वाजव.

मी एक तार छेडली आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. डॅडींच्या गिटारचा आवाज स्टीलच्या पेल्यावर नख मारावं तसा होता, बारीक आणि स्वच्छ. हा दाट होता. बटण चारवर असतानाच अँप भरून यायचा आणि कडांना किंचित फाटायचा, तोही गोड. एक सूर धरला तर तो बराच वेळ खाली बसायला तयारच नव्हता. वरची ती चकाकी थोडी गेली होती, हे माझ्या कानांना कळलं. पण पोट भरलेल्या माणसानं चटणी राहिली म्हणून कुरकूर करू नये, तसं मी ते सोडून दिलं.

"अजून वर येतो का हा?" मी विचारलं.

पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात. ते फिरवले की पट्टी तारांच्या जवळ येते किंवा लांब जाते.

"येतो की," ऑल्विन म्हणाला. "मोटरीचं तेच सूत्र आहे. मधली फट जेवढी कमी तेवढा जोर जास्त." आणि त्यानं पट्ट्या एवढ्या वर घेतल्या की तार आणि पिकअप यांच्यात एक रुपयाचं नाणं जेमतेम सरकेल. मीच म्हणत होते, अजून थोडं, अजून थोडं. त्याला बोल लावत नाही. हाव माझी होती.

बुधवारी सरावाला गेले ती अर्ध्या तासात जिंकून परत यायचं असं ठरवूनच. पहिल्या गाण्यात अंकलनी मान डोलावली. ड्रमर माझ्याकडे बघून हसला. दुसऱ्या गाण्यात मी गिटारच्या दांड्यावर वरच्या भागात, जाड तारांवर गेले, आणि काहीतरी बिघडलं. सूर लागायचा, पण लागल्यावर डुलायचा. एकाच तारेतून दोन सूर निघून आपसांत भांडताहेत असं वाटायचं. मी थांबून तारा जुळवल्या. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरची सुई मध्यावर यायची आणि बघता बघता सरकायची. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. आवाज मोठा होता म्हणून लपायलाही जागा नव्हती. आधी मी ऐकू येत नव्हते, आता बेसूर ऐकू येत होते.

अंकलनी या वेळी हात वर केला नाही. गाणं संपेपर्यंत वाजवलं आणि मग खुर्ची माझ्याजवळ ओढून हळू आवाजात बोलले. इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले, हेच मला जास्त लागलं.

"बाय, हात सैल झालाय तुझा. बाळंतपणात होतं असं. माझ्या बहिणीला दोन वर्षं पोळी लाटता येत नव्हती नीट."

"तारा नव्या आहेत अंकल. बसतील."

"तारा नाहीत. बोट तारेवर सारखं दाबलं जात नाही तुझं, म्हणून सूर हलतो." मग त्यांनी सांगितलं की शनिवारी क्लाईव्हला ते बोलावून ठेवतील, पाहुणा म्हणून, गिटार सोबत असेल. आणि डॅडींची धून या वेळी ते स्वतः कीबोर्डवर वाजवतील.

डॅडींनी नवरा-नवरीच्या पहिल्या नाचासाठी एक वॉल्ट्झची धून बांधली होती. आमच्या पट्ट्यात ती गिटारवरच ऐकायची सवय होती लोकांना. ती माझ्याकडून जाणार म्हणजे कोपरा गेलाच.

मी अंकलवर विश्वास ठेवला, हे आज सांगायला लाज वाटते. पण खरंच उजवं मनगट दुखायचं. लेकीला कडेवर घेऊन घेऊन डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. पहाटे जाग आली की मी अंधारात बोटं उघडमीट करून बघायचे. रिक्षातून घरी येताना मी ठरवूनही टाकलं की शनिवारी सकाळी अंकलना निरोप पाठवायचा, बाळाला बरं नाही म्हणून. आणि लगेच, खोट्या कारणासाठी तिच्या आजारपणाचं नाव घेतलं म्हणून घाबरून छातीवर क्रूस काढला.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचं म्हणून गिटार घेतली होती. पलंगावर बसून जाड तारेवरचा तोच एक सूर पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि तो डुलत होता. तेवढ्यात नेरिसा रडायला लागली, ओली झाली होती. गिटार पलंगावरच आडवी ठेवली, लंगोट बदलला, तिला उचलून मम्मींकडे दिलं. मग डबी घेऊन पिना मोजल्या, तिच्या नव्या लंगोटाला लावलेली धरून.

सहा.

पुन्हा मोजल्या. लंगोट झटकले. सहाच.

मम्मींची रोझरी तिसऱ्या रहस्यावर, म्हणजे अर्ध्यावर आली होती. मी त्यांच्या मांडीवरून नेरिसाला घेतलं आणि तिच्या तोंडात बोट घातलं. हिरड्यांखाली, टाळूला, गालांच्या आत. तिला वाटलं खेळ आहे, तिनं बोट चावलं. मम्मींनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माळ खाली ठेवली. रोझरी मध्येच सोडताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पासष्ट वर्षांची बाई गुडघ्यांवर बसून पलंगाखाली शिरली.

"उघडी होती की लावलेली?" त्यांनी आतून विचारलं.

"उघडी. मी आत्ताच काढली होती."

ऑल्विनला फोन केला. तो दुकान तसंच उघडं टाकून निघाला. चादर चाचपली, उशा उसवायच्याच बाकी ठेवल्या. नेरिसा हसत होती, आणि त्या हसण्यात घशात काही अडकल्याचा आवाज येतो का ते मी कान लावून ऐकत होते. एक्स-रे कुठं काढतात, या वेळी कोण उघडं असेल, रिक्षा नाक्यावर मिळेल का, हे सगळं डोक्यात एकाच वेळी. गादी उलटायची म्हणून मी गिटार उचलली.

पिन तिथं होती. दोन जाड तारांच्या मधोमध, पिकअपला चिकटून सरळ उभी. चंदेरी तारांत चंदेरी पिन, वरून दिसलीच नव्हती.

मी खाली बसले. मम्मी पलंगाखालून निघाल्या, केसांना जळमट लागलेलं, आणि माझ्या हातातली पिन बघून आधी नेरिसाचा आणि मग माझा मुका घेतला. मग म्हणाल्या, "मोज बाई तू रोज. मी नाही बोलणार."

पण माझं लक्ष पिनेकडे होतं. ती पिकअपवरून सोडवताना मला जोर लावावा लागला होता. मी ती परत जवळ नेली. अर्धं बोट अंतर असतानाच ती माझ्या चिमटीतून निसटली आणि टक् करून चिकटली. पुन्हा काढली, पुन्हा नेली. टक्. मग मी उठून बिस्किटांचा डबा उघडला आणि डॅडींचा जुना पिकअप काढला. त्याला पिन लावली. लोंबकळली, आणि जरा हलवताच पडली.

ऑल्विन धापा टाकत दारात उभा राहिला तेव्हा त्याची बायको पलंगावर बसून पिन चिकटवत आणि सोडवत होती, आणि त्याच्या आईनं रोझरी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती.

"सापडली?"

"सापडली. ऑल्विन, ही पिन कशाची आहे?"

"पोलादाची."

"आणि तार?"

तो दारातच थांबला. मग गिटारजवळ येऊन वाकला. मी जाड तार छेडली आणि आम्ही दोघांनी ती दिव्यापुढे धरून डोळ्यांनी बघितली. तार वर जाताना मोकळी जात होती आणि खाली येताना चुंबक तिला धरून ठेवायला बघत होता. तिला आपल्या मनासारखं झुलूच देत नव्हता. सूर डुलत होता तो त्या ओढाताणीमुळे.

"मोटरीत आतला रोटर नुसता फिरतो," ऑल्विन स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "त्याला सूर लावायचा नसतो. मी गाढव आहे."

"स्क्रू खाली घे."

तो एक आटा फिरवायचा, मी तोच सूर वाजवायचे. दुसरा आटा. तिसरा. पट्टी खाली जात होती तसा डोल कमी होत होता. आवाज थोडा उतरला, पण जुन्याच्या दुप्पट होताच. तीन नाण्यांएवढी फट झाली आणि सूर एकदम उभा राहिला. सरळ. सुई मध्यावर आली आणि तिथंच थांबली. आणि गंमत म्हणजे गेलेली चकाकीसुद्धा थोडी परत आली. मी हळू वाजवलं, हळू ऐकू आलं. जोरात वाजवलं, जोरात. हळू वाजवलेलं हळूच ऐकू आलं पाहिजे, डॅडी एवढं एकच शिकवायचे.

मी डाव्या हाताची बोटं उघडमीट करून बघितली. मुंग्या होत्याच. त्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता.

शनिवारी निरोप पाठवला नाही.

गासच्या चर्चशेजारच्या मैदानात मांडव होता. क्लाईव्ह पाहुण्यासारखा कोट घालून पहिल्या टेबलावर बसला होता आणि त्याची गिटार पिशवीत, कीबोर्डच्या मागं, हाताशी. मम्मी नेरिसाच्या कानात कापूस घालून अगदी मागं, पंख्याखाली बसल्या होत्या. स्टेजवरून मला त्यांची हिरवी साडी दिसत होती. साडी हलली नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी ठरवून टाकलं होतं.

अंकलना मी काहीच सांगितलं नव्हतं. पहिली दोन गाणी मी मागं राहून नुसती साथ केली. टोस्ट झाला, ग्लास वाजले, नवरा-नवरी मैदानाच्या मध्यावर आले आणि अंकलनी कीबोर्डवर डॅडींची धून सुरू केली. त्यात दोन ओळींच्या मध्ये एक छोटी जागा आहे. तिथं काहीतरी उत्तर द्यावं लागतं. गिटारचं आवाजाचं बटण मी अर्ध्यावर ठेवलं होतं. ते उत्तर मी जाड तारांवर, वरती, बुधवारी बिघडलं होतं नेमकं तिथंच दिलं. चार सूर. एकही हलला नाही.

अंकलची मान वळली. त्यांनी पुढची ओळ वाजवली आणि जागा आल्यावर मुद्दाम थोडं थांबले, परीक्षा घेतात तसे. मी पुन्हा उत्तर दिलं, या वेळी हळू, इतकं हळू की कोणाचा तरी चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला. तरी ते शेवटच्या टेबलापर्यंत गेलं, कारण तिथली बायामाणसं बोलायची थांबली.

मग अंकलनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि हनुवटीनं मला खूण केली. घे.

मी घेतली. पहिला फेरा अर्ध्या बटणावर, पेल्यावर नख मारावं तसा. मांडवाच्या कडेला उभे असलेले म्हातारे, डॅडींना ऐकलेले, माना हलवू लागले. दुसऱ्या फेऱ्याआधी मी करंगळीनं बटण पूर्ण वर फिरवलं, आणि तो दाट आवाज उठला. तेरा हजार ओहम, सगळेच्या सगळे. सूर धरला तो खाली बसेचना. ड्रमर मागून जोर चढवायला लागला, पॅडही आलं, आणि त्या सगळ्या धष्टपुष्टांच्या वर डॅडींची गिटार स्वच्छ उभी होती. जेवणाच्या काउंटरवरची रांग मोडून लोक नाचायला आले. वाढपी डाव हातात घेऊन पुढं आला. नवरीनं बूट काढून टाकले. धून तीनदा संपली आणि तीनदा लोकांनी ती पुन्हा मागितली. क्लाईव्हनं कोट काढला आणि एका आंटीला घेऊन नाचायला गेला. त्यानंतर त्याची पिशवी कोणी उघडली नाही.

मध्यंतरात अंकल पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी वाकून गिटार बघितली.

"तीन दिवसांत हात कसा बसला गं?"

"हात कधी हललाच नव्हता, अंकल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिशातून तारखांची चिठ्ठी काढून माझ्या गिटारच्या पट्ट्याखाली खोचली आणि निघून गेले. मेअखेरपर्यंत अकरा होत्या. पुढं त्यानंतरच्या आठ वर्षांच्या सगळ्याच.

मी स्टेजवरून उतरून जवळजवळ पळतच मागं गेले. नेरिसा गाढ झोपली होती, कानातला कापूस तसाच. मला मम्मींकडून काहीतरी ऐकायचं होतं, कौतुक म्हणा हवं तर. त्यांनी नेरिसाची बॅग उघडून साबणाची डबी बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली.

"तिच्या लंगोटाची धरून सहा आहेत," त्या म्हणाल्या. "दोनदा मोजल्या. सातवी कुठाय?"

मी गिटारचा पट्टा उलटून दाखवला. आतल्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, लावून ठेवली होती.

मम्मींनी वाकून ती नीट बंद आहे का ते बोटानं दाबून बघितलं.

"मग सात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डबी मिटली. "जा, वाजव आता."